आईच्या कवळीचं माप

४ फेब्रुवारी

दादा,

आईची खालची कवळी सैल झाली आहे. हे मला कुणी सांगितलं नाही. रविवारी फोनवर ती "सगळं सुरळीत आहे" म्हणाली आणि एवढ्याशा वाक्यात दोनदा शिट्टी वाजली. इतकी वर्षं कवळ्या करून मी माणसांचा 'स' ऐकायला शिकले आहे, तो असाच उगाच वाजत नाही.

तू फोन थेट तिच्या हातात देतोस, म्हणून तुला पत्र. तसंही आपलं "बरी आहेस?" आणि "बरी आहे" आता इतकं गुळगुळीत झालंय की त्यावरून दोघंही घसरतो.

मुद्दा असा की तिची नवी कवळी मी करणार आहे, वरची-खालची दोन्ही. आधीची मीच केली होती. तेव्हाचा तिच्या तोंडाचा साचा लॅबमध्ये वरच्या फळीवर अजून आहे. बाकीच्या साच्यांवर डॉक्टरांची नावं आणि नंबर आहेत, त्या एकावर फक्त पेन्सिलीने 'आई'. तेव्हा तिला कुठे न्यायला नको, माप द्यायला नको, तुला रजा काढायला नको.

महिनाभर झाला, मी कामावर जाते. अर्धा दिवस. मालकांनी मला साचे ओतायला बसवलं आहे, म्हणजे प्लास्टर कालवायचं आणि डॉक्टरांकडून आलेल्या मापात भरायचं. नोकरीला लागले त्या वर्षी हेच करत होते. दात लावायच्या टेबलावर अजून नाही, कारण गोळीमुळे हाताला थरथर आहे. डॉक्टर म्हणाले, एवढं चालायचंच. त्यांना काही मेणात दात लावायचे नसतात.

तू आईला नेलंस तेव्हा जिन्यात शेजारच्या काकूंना म्हणालास, "आई हिला सांभाळते की ही आईला, तेच कळेना." दार उघडं होतं. तू चुकीचं बोललास असं नाही. आधी मी आठवडेच्या आठवडे झोपत नव्हते, मग अंथरुणातून उठत नव्हते, आणि कठड्याला धरून जिना उतरणारी आई काकूंकडून दूध-पाव आणून माझ्या उशाशी ठेवत होती. तुला जे दिसलं ते होतंच. पण त्या वाक्यावरून मी तुझे फोन घेतले नाहीत, मग तू केले नाहीस, आणि आपण इथे येऊन पोचलो.

निघताना तू मला म्हणालास, "पूर्वीसारखी हो, मग आणतो तिला परत."

मला आई परत हवी आहे. एवढं एक वाक्य लिहायला कागद घेतला होता, आणि बघ, मागचं पान आलं.

— धाकटी


१९ फेब्रुवारी

दादा,

तुझं उत्तर मिळालं. "कवळीची घाई नाही. इथेही डॉक्टर आहेत. तू तब्येत सांभाळ." तिन्ही वाक्यं बरोबर आहेत. खाली वहिनींनी लिहिलंय, "आई मऊ भात खातात, काळजी नसावी." वहिनी, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते, आईला मऊ भात आवडत नाही. ती तक्रार न करता खाते आहे म्हणजे हिरड्या दुखताहेत.

तब्येत सांभाळते म्हणजे काय करते ते लिहिते, नाहीतर तो नुसता शब्द राहतो. उठल्यावर आधी खिडकी उघडायची, मग अंथरूण आवरायचं. आधी अंथरूण घेतलं तर आवरता आवरता मी त्यावर बसते आणि बसले की गेले. बादली नळाखाली लावूनच चहा ठेवायचा, म्हणजे पाणी वाहून जाईल या धाकाने आंघोळीला जावं लागतं. ही बरं होण्याची पद्धत आहे की स्वतःला फसवण्याची, यावर मी बराच विचार केला. उत्तर मिळालं नाही, पण आंघोळ झाली.

रोजनिशी पुन्हा सुरू केली आहे. डॉक्टरांची अट अशी की रात्री उजळणी करत बसायचं नाही, संध्याकाळी चार ओळी लिहून वही मिटायची. मला चार ओळींत मावायची सवय नाही, हे तुझ्यापेक्षा कुणाला जास्त माहीत असणार.

मालक माझी थट्टा करतात हे चांगलं लक्षण मानते. मध्यंतरी सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलत होते, जणू मी झोपलेलं मूल आहे. परवा मालक म्हणाले, "बाई, तुमच्या हातात कप दिला की आधी बशीच चहा पिते." लॅबमधले सगळे हसले, मीही हसले. मग पुन्हा प्लास्टर कालवायला बसले, आणि तेव्हा मात्र हसू राहिलं नाही.

काम संपल्यावर मालक मला अर्धा तास टेबल वापरू देतात. आईच्या जुन्या साच्यावर मेणाची हिरडी बसवली आहे. दाढा लागल्या. पुढच्या दातांशी गाडी अडते. मेण मऊ आहे तोवरच दात हलवता येतो, आणि तेवढ्यात माझा हात त्या दाताला चारी दिशांची सहल घडवून आणतो. काल एक सुळा टेबलाखाली गेला. तो शोधायला गुडघ्यांवर बसले आणि मनात आलं, दादाने आत्ता पाहिलं तर काय म्हणेल.

यावर एक उपाय सुचला आहे. सोपा आहे. जमला की सांगेन.

— धाकटी


६ मार्च

दादा, दादा,

झालं! सगळे दात एका बैठकीत लागले, मेणाच्या जागी अ‍ॅक्रिलिकचं पक्कं प्लास्टिक भरलं, कवळी पॉलिशही केली, आरशासारखी चमकते आहे. आणि अक्षर बघ माझं, बघितलंस ना, एक रेघ हललेली नाही, कॉलेजात असताना असायचं तसं! हात पूर्वीसारखा झाला आहे, तूच म्हणाला होतास ना, पूर्वीसारखी हो, तर घे.

दात कसे निवडले ते ऐक. आपण शाळेत होतो तेव्हाचा आईचा तो फोटो, अंगणात कशावर तरी खळखळून हसतानाचा, तो टेबलावर उभा केला आणि त्या बरहुकूम एकेक दात लावला, तीच ठेवण, तीच रांग. मोठं भिंग घेऊन पाहिलं. तुला ती बघितल्याबरोबर ओळखू येईल, आपली आई, आपली तेव्हाची आई.

तिची खोली रंगवायला घेतली आहे, दोन भिंती झाल्याही, पिवळा रंग, उजेडाचा. कपाट तिच्या खोलीतून माझ्या खोलीत एकटीने सरकवलं. झोप कमी लागते आहे पण थकवा नाही, उलट किती वेळ हाताशी येतो, लोक झोपेत किती वेळ घालवतात याचा कुणी विचारच करत नाही. लॅबमधल्या फळ्याही लावून टाकल्या, मालकांच्या आधी पोचते मी, सगळे साचे नव्याने मांडले, नंबरांप्रमाणे नाही, जबड्यांच्या आकाराप्रमाणे, तेच खरं तर्कशुद्ध आहे. मालक प्रत्येक फळीपाशी जाऊन बघून आले.

पार्सल उद्या टाकते. आईला घालून बघ आणि मग तिची बॅग भर. गाडी करून आण, मी जिन्यात उभी असेन, काकूंनाही बोलावणार आहे, त्या जिन्यातच, मुद्दाम.

— धाकटी


२६ मार्च

दादा,

वहिनींचा फोन आला होता. आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "वन्सं, रागावू नका हं, कवळी बसत नाहीये." मी म्हटलं, नीट सांगा. मग त्यांनी नीट सांगितलं. खालची लावली की उठते, वरची टोचते, दोन दिवसांत हिरडीला फोड आला. आणि आई आरशात बघून म्हणाली, "ही कोण बाई? माझ्या तोंडात दुसरीच कुणीतरी हसतेय. हिला परत पाठवा."

तू फोनवर आला नाहीस. तू काय म्हणाला असशील याचा अंदाज आहे.

आता मी दोन गोष्टी लिहिते. हे पत्र मी तीनदा फाडलं, कारण प्रत्येक वेळी दुसरी गोष्ट पहिलीच्या पोटात लपवत होते.

पहिली. दात गेल्यावर जबडा झिजत राहतो. हिरडी दरवर्षी थोडी खाली बसते, तोंडाचा आकार बदलतो. म्हणून कवळी नेहमी नव्या मापावर करायची. हा आमच्या कामाचा श्रीगणेशा आहे. जुना साचा वापरा म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी फोनवर उभं-आडवं घेतलेलं आहे. आणि स्वतःच्या आईची कवळी मी आठ वर्षं जुन्या साच्यावर केली. का? नवं माप घ्यायचं तर तुला विनंती करावी लागली असती, तू रजा काढून तिला नेलं असतंस, आणि मला तुझे उपकार नको होते. त्यावर तो फोटो. आता ती ज्या तोंडाने बोलते, जेवते, त्याच्याकडे मी पाहिलंच नाही. मला ती अंगणातली हवी होती.

दुसरी. मी गोळी बंद केली होती. डॉक्टरांना न विचारता. हात थांबावा म्हणून. तोच तो सोपा उपाय. हात थांबला हे खरं. ६ मार्चचं पत्र तुझ्याकडे असेलच. ते पुन्हा वाच, म्हणजे मी कशी होते ते तुला कळेल. मला ते लिहिताना कळलं नाही, भीती त्याचीच वाटते. आपण किती छान आहोत असं वाटत असतानाच माणूस कडेला उभा असतो, आणि खाली बघायचं सुचत नाही.

मालकांनी मला मागच्या खोलीत बसवलं आणि म्हणाले, "बाई, हात थांबला तुमचा, पण तुम्ही थांबेनात. काय केलंत?" मी सांगितलं. ते ओरडले नाहीत. फोन माझ्यासमोर सरकवला आणि बाहेर जाऊन बसले. डॉक्टरांचा नंबर मी फिरवला. हे वाक्य तू सावकाश वाच. मागच्या वेळी तू आणि काकूंनी मिळून मला डॉक्टरांकडे नेलं होतं. या वेळी मी गेले. गोळी परत सुरू आहे. काही दिवस जड गेले, पण खिडकी रोज उघडली. लॅबचे साचे मालकांनी आणि मी पुन्हा नंबरवारी लावले. जबड्यांच्या आकारात काहीच सापडत नव्हतं.

हे तुला सांगितल्याने आई माझ्यापासून आणखी लांब जाईल, हे मला कळतं. लपवलं असतं तर कदाचित तुला पत्ता लागला नसता. पण मग तू ज्या बाईच्या हवाली आईला केलं असतंस, ती मी नसते.

एक विनंती आहे. आईला तिथल्या दातांच्या डॉक्टरांकडे ने आणि नवं माप घे. चाव्याची नोंदही घ्यायला सांग, म्हणजे मेण चावून वरचा-खालचा जबडा कसा मिळतो ते कळतं. खोक्यात ओल्या कापसात ठेवून पाठव.

पूर्वीसारखी मी होणार नाही, दादा. मी खूप प्रयत्न करून पाहिला, त्याचं काय झालं ते आईच्या हिरडीला विचार.

— धाकटी


१७ एप्रिल

दादा,

खोकं मिळालं. सोबत तुझं पत्र, पानभर. तू पानभर लिहिलेलं मी याआधी कधी पाहिलं नव्हतं.

तू लिहितोस, डॉक्टर माप घेत असताना आईने त्यांचा हात बाजूला केला आणि म्हणाली, "नीट घ्या. माझी मुलगी करणार आहे, तिला खोट चालत नाही." आणि तू लिहितोस, "मी जिन्यात तसं बोललो कारण मला दोघींपैकी एकीलाच उचलून नेता येत होतं." हे वाचून मी पत्र घडी करून ठेवलं. वाचलं, एवढंच कळवते.

साचा ओतला. आईचा खालचा जबडा केवढासा उरला आहे. उजवीकडे तर जवळजवळ सपाट. जुना साचा शेजारी ठेवून पाहिला तर दोन वेगळ्या बायका. मग जुना उचलून फळीवर परत ठेवला. फेकला नाही, पण टेबलावरून काढला.

आता हाताचं. डॉक्टरांनी गोळीची वेळ बदलली आहे, मात्रा तशीच. दुपारच्या जेवणाआधी थरथर सगळ्यात कमी असते, हे मी रोजनिशी चाळून शोधलं. मालकांशी बोलले. ते म्हणाले, "म्हणजे माझं टेबल ऐन गर्दीत अडवणार." मी म्हटलं, हो. ते म्हणाले, "अडवा." कोपर टेबलाला टेकवायचं, मनगट मनगटावर ठेवायचं, श्वास सोडताना दात ठेवायचा. एका दाताला पूर्वीच्या पाचांचा वेळ लागतो. जे साधत नाही ते मालकांना सांगते, "एवढं धरा." हे म्हणायला मला सर्वांत जास्त दिवस लागले.

पुढचा एक दात किंचित तिरका राहिला. मालकांनी वाकून पाहिलं. "ठेवलात की राहिला?"

"राहिला."

"काढू नका. खरा वाटतो."

तो खरंच बरोबर आहे की मी चुकीला नाव देते आहे, ते अजून ठरवता आलेलं नाही. आई ठरवेल.

कवळी अजून मेणातच आहे. या टप्प्याला ती तोंडात घालून बघायची असते, कारण मेण आहे तोवर सगळं बदलता येतं. म्हणून मी पार्सल करणार नाही. घेऊन येते.

तू आईला पाठवायचं कबूल कर असं मी म्हणत नाही. मला येऊ दे, एवढंच.

— धाकटी


२ मे

दादा,

तुझ्या पोस्टकार्डावर "ये" लिहिलंय आणि खाली बसची वेळ. वहिनींनी "जेवायलाच या" असं जोडलंय.

एकटीने एवढा प्रवास गेल्या दोन वर्षांत केलेला नाही. काल बसस्टँडवर नुसती जाऊन आले, फलाट बघून ठेवला. उन्हाने मेण मऊ पडतं, म्हणून डबा ओल्या फडक्यात गुंडाळून मांडीवर धरणार. पाण्याची बाटली प्यायची एक, फडकं भिजवायची एक. गोळ्या पर्समध्ये आणि थोड्या बॅगेत, पर्स हरवली तर. भीती वाटते. भीती वाटते आहे आणि तिकीट काढलं आहे, या दोन्ही गोष्टी रोजनिशीच्या आजच्या चार ओळींत लिहिल्या.

— धाकटी


२१ मे

दादा,

हे पत्र लहान आहे, ते आधी बघून घे. सोमवारी बसमध्ये चढवताना तू विचारलंस, "खूण सांग मला. काय दिसलं की मी निघायचं?" मी म्हटलं, झोप कमी झाली, फळ्या लावायला लागले, पत्र लांबलं. "आणि अजिबात आलं नाही तर?" "तर त्याच दिवशी निघ."

तुझ्या घरातली ती दुपार मला राहून राहून आठवते. आई खिडकीपाशी खुर्चीत, मी तिच्यासमोर स्टूल घेऊन. मेणातली कवळी बसवली आणि आम्ही सगळ्यांना सांगतो तसं सांगितलं, साठपासून सत्तरपर्यंत मोज, 'स' ऐकायचा आहे. ती म्हणाली, "वय काढतेस का माझं?" पण मोजलं. शिट्टी नव्हती. मग आरसा मागितला, बराच वेळ बघितलं, तिरक्या दातावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हं. ही मी."

मग आपण दोघं मागच्या खोलीत जाऊन तिचं काय करायचं ते बोलू लागलो. महिनाभर पाठवू का, आधी पंधरा दिवस, डॉक्टरांचा नंबर, काकूंचा नंबर. आणि दारात येऊन ती म्हणाली, "मला कुणी विचारणार आहे, की माझाही साचा ओतून फळीवर ठेवलाय?" तुझा चेहरा बघण्यासारखा झाला होता, माझाही झाला असणार. तू म्हणालास, "आई, तुला काय हवंय?" "कवळी पक्की करायला ती लॅबमध्ये नेणार. मग मी इथे बिनदाताची बसून तुझ्या बायकोचा मऊ भात गिळू? मी जाते तिच्याबरोबर. महिन्याने बघू. तूही ये बघायला, नुसता फोन हातात देत जाऊ नकोस." वहिनी भाताबद्दल अजिबात रागावल्या नाहीत, उलट बॅग त्यांनीच भरली.

कवळी पक्की झाली. आई सफरचंद सालासकट खाते आहे, इथवर आवाज येतो. खोलीच्या उरलेल्या दोन भिंती तशाच आहेत. रंगवू नको म्हणाली, "अर्धी खोली माझी, अर्धी तुझ्या त्या दिवसांची, असू दे."

गोळीचं तू रविवारी एकदाच विचारायचं ठरलंय. आज गुरुवार. तरी सांगते, घेतली.

आणखी एक. आई मला चहा देताना कप अर्धाच भरते. पूर्वी काठोकाठ भरायची, सांडला तर बोलायची. आता काही बोलत नाही, अर्धाच देते. पहिल्या दिवशी मला ते लागलं. दुसऱ्या दिवशीही. आज तो संपवला आणि कप तिच्यापुढे धरला. तिने पुन्हा अर्धा भरला.

— धाकटी